‘अस्कान्स’ हे इंग्रजी क्रियाविशेषण कसे वापरावे

‘अस्कान्स’चा (askance) मूळ अर्थ ‘तिरपे’ किंवा ‘बाजूने’ एवढाच असला, तरी आज हा शब्द बहुधा नापसंती दाखवण्यासाठी, त्यातही अविश्वास मिसळलेली नापसंती दाखवण्यासाठी वापरला जातो. त्यामुळे तो वाक्यात घालण्यापूर्वी, पाहणाऱ्याच्या मनात काही शंका आहे का, हे आधी तपासावे. निव्वळ राग असेल तर तो शोभत नाही. कमी लेखायचे असेल तर ‘लुक डाउन ऑन’ हा वेगळा प्रयोग आहे.

रचना सोपी आहे: ‘दे लुक्ड अस्कान्स अ‍ॅट द न्यू रूल’. ‘व्ह्यू’ (view) किंवा ‘आय’ (eye) ही पाहण्याची क्रियापदे घेतल्यास ‘अ‍ॅट’ लागत नाही. ‘अ‍ॅन अस्कान्स लुक’ असा विशेषणासारखा वापर क्वचित आढळतो, तो टाळावा.

खरी अडचण मराठीत अर्थ देताना येते. ‘वाकड्या नजरेने पाहणे’ हा प्रतिशब्द चटकन सुचतो, कारण दोन्हीकडे नजर सरळ नाही. परंतु मराठीत वाकडी नजर म्हणजे वाईट हेतू, आणि नव्या नियमाकडे साशंकतेने पाहणाऱ्यांच्या मनात तसा काही हेतू नसतो. ‘तिरपा कटाक्ष’ म्हटले की त्यात शृंगाराची छटा येऊ शकते. ‘नाक मुरडणे’ बरेच जवळचे आहे, पण त्यात शंकेपेक्षा तिटकारा अधिक. म्हणून वरच्या वाक्याचे भाषांतर ‘नव्या नियमाकडे त्यांनी साशंक नापसंतीने पाहिले’ असे करावे. ते थोडे जड वाटते खरे, पण अर्थ चुकत नाही.

व्युत्पत्ती सांगताना सावध राहावे. ‘विचारणे’ या अर्थाच्या ‘आस्क’शी या शब्दाचा संबंध नाही, जरी अक्षरे पाहून तसे वाटले तरी. ‘तिरपे’ या अर्थाने तो सोळाव्या शतकापासून आढळतो. त्याचे मूळ इटालियन किंवा डच भाषेत असावे, असे तर्क झाले आहेत, पण एकही सिद्ध झालेला नाही. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने ‘जणू काही’ या अर्थाने वापरलेल्या ‘अस्कॉन्सेस’शी त्याचे नाते जोडले जाते, तेही वादग्रस्तच आहे.

अर्थाचा प्रवास दाखवायचा असेल, तर इंग्रज कवी मिल्टनचे १६६७ मधील ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य पुरेसे आहे. त्यात सैतान आदम आणि ईव्हकडे मत्सराने ‘अस्कान्स’ पाहतो, आणि पुढे देवदूतांना पृथ्वीचे ध्रुव वीस अंशांहून अधिक ‘अस्कान्स’ वळवण्याची आज्ञा होते. दुसऱ्या ठिकाणी नापसंतीचा लवलेश नाही, फक्त कल आहे. म्हणून जुना मजकूर वाचताना, हा शब्द दिसताच नापसंती गृहीत न धरता, सोबतचे क्रियापद नजरेचे आहे की हालचालीचे, हे आधी पाहावे.