नव्या लॅपटॉपमध्ये रॅम आणि एसएसडी बदलण्याआधी: तयारीची यादी

पहिलं काम रिकव्हरी कीचं, म्हणजे कुलूपबंद डिस्क उघडणाऱ्या आकड्यांचं. बाकीची यादी नंतर वाचली तरी चालेल. ज्या लॅपटॉपचं झाकण उघडणार आहात त्यात विंडोज ११ असेल आणि सेटअप करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल, तर त्याची डिस्क बहुतेक आधीच एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, झालेली आहे. तुम्ही ते चालू केलेलं नसतं आणि तुम्हाला कुणी ठळकपणे विचारलेलंही नसतं. २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून तर हे आणखी जास्त मॉडेल्सवर आपोआप व्हायला लागलं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडा आणि डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर उतरवल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका.

मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं होतं. की अस्तित्वात होती, पण ती ज्या अकाउंटमध्ये जमा झाली होती ते सेटअपच्या घाईत नव्या ईमेलवर उघडलेलं, आणि त्याचा पासवर्ड कुठेच लिहिलेला नव्हता. त्या डिस्कवरचं काहीही परत मिळालं नाही. म्हणून आज एवढं पोटतिडकीने सांगतोय.

यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे टाळाटाळ होणार नाही. डिस्क उघडण्याची किल्ली मदरबोर्डशी जोडलेल्या टीपीएम नावाच्या सुरक्षा घटकाच्या ताब्यात असते. मशीन ओळखीचं वाटलं की तो गुपचूप कुलूप उघडतो, म्हणून एरवी आपल्याला पत्ताही लागत नाही. बायॉस (विंडोजच्या आधी चालून मशीन सुरू करणारा प्रोग्राम) अपडेट झालं, सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी) सेटिंग बदलली किंवा टीपीएम रीसेट झाला, तर तो उघडायला नकार देऊ शकतो आणि समोर रिकव्हरी की मागणारी निळी स्क्रीन येते. मदरबोर्डच बदलला तर नकार ठरलेलाच. नुसती रॅम बदलून सहसा असं होत नाही. पण नुसती रॅम बदलतं कोण? त्याच दिवशी आपण बायॉसही अपडेट करतो आणि बूटचा क्रमही (मशीन आधी कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो) हलवतो. बॅटरीचा कनेक्टर काढल्यावर काही मशीनची बायॉस सेटिंग्ज मूळपदावर जातात. की नसेल तर त्या निळ्या स्क्रीनपुढे कुठलाही तंत्रज्ञ काहीही करू शकत नाही, कारण एन्क्रिप्शनचा उद्देशच तो आहे.

तर आत्ता हे करा. फोनवरून त्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करा. लॅपटॉपवर नको, फोनवरूनच. म्हणजे लॅपटॉप बंद पडला तरी तुम्ही तिथे पोहोचू शकता याची खात्री होते. डिव्हाइसेसच्या यादीत तुमच्या मशीनखाली रिकव्हरी की दिसतील. एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्या उतरवा आणि प्रत्येकीपुढे तिचा की आयडी लिहा. निळ्या स्क्रीनवर त्या आयडीची सुरुवातीची ८ अक्षरं दिसतात, त्यावरून कुठली की हवी ते कळतं. ६ आकड्यांचे ८ गट असतात. लिहून झाल्यावर एकदा मोठ्याने वाचून ताळा करा. डेस्कटॉपवर नोटपॅडमध्ये ठेवलेली की काही कामाची नाही, ती त्याच कुलपाच्या आत आहे.

आता मॉडेल. कंपन्या दरवर्षी तीच मालिका, तेच नाव आणि जवळजवळ तीच बॉडी ठेवून आतला बोर्ड बदलतात. मागच्या वर्षीच्या मॉडेलला रॅमचे दोन स्लॉट होते म्हणून यंदाच्यालाही असतील हे गृहीत धरू नका. लॅपटॉप पालथा करा, खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरांसकट लिहून घ्या आणि त्याच नंबरचं सर्व्हिस मॅन्युअल डाउनलोड करा. त्यात मेमरीचं पान असेल आणि रॅमची स्टिक (सुटी पट्टी) काढण्याची कृती चित्रासह दिलेली असेल तर स्लॉट आहे. ते पानच नसेल तर रॅम बहुधा बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली, आहे. दुसऱ्या कुणाच्या 'माझ्यात बसली' या शब्दावर विसंबू नका, त्याचा नंबर तुमच्यापेक्षा एका अक्षराने वेगळा असू शकतो.

स्पेसिफिकेशनमध्ये एलपीडीडीआर५ किंवा एलपीडीडीआर५एक्स लिहिलेलं दिसलं तर रॅम वाढवण्याचा विषय जवळपास संपलाच. हा प्रकार बोर्डावर सोल्डर होऊनच येतो. अपवाद एलपीकॅम२ या सुट्या मॉड्यूलचा. २०२४ पासून ते मोजक्या मशीनमध्ये यायला लागलंय, पण बहुतेकांच्या वाट्याला अजून आलेलं नाही. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली आहे. २५६व्ही म्हणजे १६ जीबी, २५८व्ही म्हणजे ३२ जीबी, आणि ते कायमचं. मॅकबुकमध्येही रॅम नंतर वाढत नाही. अशा मशीनसाठी तयारी एकच: खरेदी करतानाच पुरेशी रॅम घेणे. पुढची चार-पाच वर्षं डोळ्यांसमोर ठेवून घ्या, आजच्या गरजेपुरती नको. या मशीनमध्ये एसएसडी तेवढी अनेकदा बदलता येते, आताच्या मॅकबुकमध्ये तीही नाही.

लॅपटॉप अजून घेतलाच नसेल तर नव्या मालिकेत खरोखर नवं काय आहे तेही तपासा. नंबर मोठा झाला म्हणजे चिप नवी झाली असं नाही. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत चारपैकी तिसरा आकडा आर्किटेक्चर, म्हणजे चिपच्या रचनेची पिढी, सांगतो: ७५२०यू म्हणजे झेन २, ७७३०यू म्हणजे झेन ३, ७८४०यू म्हणजे झेन ४. तिन्ही एकाच मालिकेच्या नावाखाली विकले गेले. इंटेलचा 'अल्ट्रा' नसलेला कोअर ७ १५०यू किंवा कोअर ७ २४०एच हे नाव नवं असलेले, पण जुन्या रॅप्टर लेक पिढीचे प्रोसेसर आहेत. जुनी चिप वाईटच असते असं मी म्हणत नाही, उलट अशा मशीनमध्ये रॅमचे स्लॉट सापडण्याची शक्यता जास्त असते. पण नव्याचे पैसे मोजून जुनं घेऊ नका. ग्राफिक्सचंही बघून ठेवा, कारण ते नंतर बदलता येत नाही: लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ५०७० ला ८ जीबी मेमरी आहे, ५०७० टीआयला १२. शिवाय एकाच नावाची चिप एका लॅपटॉपमध्ये कमी वॅटवर चालते आणि दुसऱ्यात जास्त, त्यामुळे वॅटचा आकडा शोधाच. एनपीयूच्या (एआयची कामं करणाऱ्या भागाच्या) टॉप्सचा, म्हणजे वेगाच्या आकड्याचा, गाजावाजा बराच असतो. मायक्रोसॉफ्टचा कोपायलट प्लस हा एआय लॅपटॉपचा शिक्का हवा असेल तर किमान ४० टॉप्स आणि १६ जीबी रॅम लागते. नको असेल तर त्या आकड्यावर पैसे घालू नका.

स्लॉट आहे हे नक्की झालं, आता स्टिक. डीडीआर४ ची स्टिक डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते आणि पिनाही २६० ऐवजी २६२ असतात. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. दोन स्लॉट असतील तर एकच मोठी स्टिक टाकण्यापेक्षा सारख्या दोन टाका. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच मेमरी वापरतं आणि एका स्टिकवर त्याला अर्धाच रस्ता मिळतो. इंटेलच्या आयरिस एक्सई ग्राफिक्सचं नावसुद्धा एका स्टिकवर यूएचडी म्हणून दिसतं, इतका तो फरक आहे. जास्तीत जास्त किती जीबी चालते ते मॅन्युअलमध्ये बघा.

एसएसडीत लांबी बघा. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. २२४२ आणि २२३० त्याहून आखूड. पातळ लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा फक्त आखूड बसते आणि पुढचा स्क्रू लावायला जागाच नसते. दोन्ही बाजूंना चिप असलेली एसएसडी काही मशीनमध्ये जाडीमुळे बसत नाही. चौथ्या पिढीची एनव्हीएमई (एसएसडीचा वेगवान प्रकार) घ्या, स्लॉट तिसऱ्या पिढीचा असला तरी ती चालते, फक्त वेग त्या स्लॉटाइतका मिळतो. पाचव्या पिढीच्या मागे लागू नका, पातळ बॉडीत ती नुसती तापते.

बॅकअप घ्या. यावर वेगळं काय सांगायचं? बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोन-चार फाइल्स उघडून बघा.

आणि रिकव्हरी की लिहिली का? खरंच लिहिली का? 'अकाउंटमध्ये आहे' हे उत्तर चालणार नाही. कागद दिसला पाहिजे.

जुन्या डिस्कचं क्लोन (जशीच्या तशी नक्कल) करणार असाल तर आधी डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा. बंद केल्यावर सगळी डिस्क डीक्रिप्ट व्हायला वेळ लागतो. चार्जर लावून ठेवा आणि पूर्ण होईपर्यंत क्लोनला हात लावू नका. विंडोज प्रो असेल आणि फक्त बायॉस अपडेट करायचं असेल तर बिटलॉकर (विंडोजचं हेच एन्क्रिप्शन) सस्पेंड करण्याची, म्हणजे तात्पुरतं थांबवण्याची, सोय आहे, पण रीस्टार्टनंतर ते सहसा आपोआप परत चालू होतं. म्हणून सस्पेंड केलंय या भरवशावर की लिहायची सोडू नका. क्लोनसाठी एनव्हीएमई चालणारं एन्क्लोजर (एसएसडी बाहेरून यूएसबीने जोडायची डबी) लागेल. साटा या जुन्या प्रकारच्या एसएसडीसाठीच बनवलेलं चालणार नाही. नव्याने विंडोज टाकणार असाल तर पेनड्राइव्हवर इन्स्टॉलरसोबत तुमच्या मॉडेलचा इंटेल आरएसटी (इन्स्टॉलरला डिस्क दिसायला लागणारा) ड्रायव्हरही ठेवा. व्हीएमडी (एसएसडी हाताळणारी इंटेलची बायॉसमधली सोय) चालू असलेल्या इंटेल मशीनवर त्याशिवाय इन्स्टॉलरला एसएसडी अनेकदा दिसतच नाही, आणि नवीन डिस्क खराब निघाली असं वाटून माणूस विनाकारण परत करायला निघतो. वायफायचा ड्रायव्हरही त्याच पेनड्राइव्हवर टाका.

बायॉस अपडेट करायचं असेल तर ते उघडण्याच्या दिवशी नको, आधी करा. एका वेळी एकच बदल केला म्हणजे बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळतं. चार्जर लावलेला हवा. अपडेटनंतर एक-दोन दिवस नेहमीसारखं वापरून बघा.

वॉरंटीच्या अटी वाचा. झाकण उघडलं म्हणून ती जाते की नाही हे कंपनी आणि देशानुसार बदलतं. मशीन दुरुस्तीला देणार असाल तर पुन्हा तेच: बोर्ड बदलला की जुन्या डिस्कला की लागणारच, आणि ती त्यांच्याकडे नसते.

हत्यारं: चांगला पीएच० स्क्रूड्रायव्हर, काही मॉडेल्सना टॉर्क्स टी५, आणि झाकण सोडवायला प्लास्टिकची पातळ पट्टी. धातूचं काहीही फटीत घालू नका. स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपची चौकट काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा. लांब्या वेगवेगळ्या असतात, आणि आखूडच्या जागी लांब स्क्रू पिळला तर तो हाताखालच्या पत्र्याला वर फोड आणतो. रबरी पायांखाली लपलेले स्क्रू मॅन्युअलमध्ये दाखवलेले असतात. झाकण अडलं म्हणजे एखादा स्क्रू राहिलाय, ओढू नका.

उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. काहींमध्ये बायॉसमधूनच बॅटरी बंद करता येते. कनेक्टर वायरी धरून ओढू नका, कडांना धरून हळूहळू सरकवा. अंगातली स्थिर वीज घालवायला आधी एखाद्या धातूच्या मोठ्या वस्तूला हात लावा. स्टिक तिरकी घाला, दाबा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसल्या पाहिजेत. एसएसडीचा स्क्रू जपा, एवढासा असतो.

सुरू करताना चार्जर लावा. बॅटरी काढून लावल्यावर काही लॅपटॉप चार्जरशिवाय जागेच होत नाहीत. डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना मेमरी ट्रेनिंग (नव्या स्टिकशी जुळवून घेणं) करते आणि तोवर स्क्रीन काळी राहते, कधीकधी काही मिनिटं. पॉवर बटण दाबत बसू नका. झाकणाचे सगळे स्क्रू लावण्याआधीच बायॉसमध्ये जाऊन पूर्ण रॅम आणि नवीन एसएसडी दिसतेय का बघा. सिक्युअर बूटही होतं तसंच आहे का बघा.

मग विंडोज, अपडेट्स, ड्रायव्हर. रात्रभर मेमरी टेस्ट लावली तर उत्तम.

एक गोष्ट अजून आहे, आणि ती कीचीच आहे. एन्क्रिप्शन बंद करून परत चालू केलं किंवा नव्या एसएसडीवर विंडोज टाकलं, की नवी की तयार होते. कागदावरची की आता त्या डिस्कची नाही. पुन्हा फोनवरून लॉगिन करा, नवी की आणि तिचा आयडी उतरवा, तारीख घाला. जुना कागदही फाडू नका: काढलेली एसएसडी एन्क्रिप्ट असेल तर ती उघडायला तोच लागेल. ती एसएसडी महिनाभर तशीच बाजूला ठेवा, नव्या डिस्कवर सगळं आहे याची खात्री झाल्यावरच फॉरमॅट करा.