कूस, बेंबी, हात, गुडघा, कोपर: बॉडीबोर्ड कसा शिकावा

७ जुलै १९७१ रोजी टॉम मोरीने हवाईच्या बिग आयलंडवर पॉलिएथिलीन फोमचा नऊ फुटी तुकडा विजेच्या सुरीने मधोमध कापला. अर्ध्या तुकड्यावर वर्तमानपत्र पसरून वरून गरम इस्त्री फिरवली आणि त्याला आकार दिला. लाटेवर पालथं पडून चालवायची हीच फळी, म्हणजे बॉडीबोर्ड, पुढे ‘बूगी बोर्ड’ म्हणून जगभर गेली. पण मोरीच्या मनात आधी ‘स्नेक’ हे नाव होतं. फळी चालवताना शरीराचे जे पाच भाग कामाला येतात, त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचं ते नाव. साइड, नेव्हल, आर्म, नी, एल्बो: म्हणजे कूस, बेंबी, हात, गुडघा, कोपर. शिकणाऱ्याने हीच यादी धरून चालावं, फक्त सुरुवात बेंबीपासून करावी.

बेंबी. बोर्ड जमिनीवर उभा धरला की त्याचं वरचं टोक बेंबीपाशी यायला हवं. साडेपाच फूट उंचीला साधारण ४१ इंच, पावणेसहा फुटांना ४२ इंच. वजन जास्त असेल तर एक इंच वर जा. लांब बोर्ड वळत नाही आणि आखूड बोर्ड नवख्याला तरंगवत नाही. आतला फोम पाण्याच्या तापमानावर ठरतो. पॉलिएथिलीन मऊ असतो आणि थंड पाण्यात नेमका लवतो. कोकण-गोव्याच्या कोमट पाण्यात मात्र तो फार लिबलिबीत होतो. तिथे पॉलिप्रॉपिलीनचा ताठ बोर्ड घ्यावा. कुठलाही बोर्ड उन्हात बंद गाडीत ठेवू नका. आतली हवा फुगते, खालचा गुळगुळीत थर सुटतो आणि तळाला फोड येतात. ते परत बसत नाहीत.

बोर्डाइतकंच महत्त्व फिन्सना, म्हणजे पायात घालायच्या रबरी पंखांना. स्नॉर्केलिंगच्या लांब फिन्स नकोत, आखूड आणि कडक हव्यात. घोट्याला दोरीने बांधा, नाहीतर पहिल्याच आपटीत एक जाईल. लाट दोन-तीन मीटर मागे असतानाच पाय मारायला लागा. पाच-सहा जोरदार फटके, आणि फिन्स पाण्याखालीच. वर फेस उडत असेल तर ती ताकद वाया चालली आहे.

हात. हवाईत मोरीच्या कित्येक पिढ्या आधीपासून लोक पाइपो नावाच्या लाकडी फळीवर पालथं पडून लाटा घेत. लाकूड लवत नाही, फोम लवतो. त्यामुळे बोर्डाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, हाताने किंचित वर ओढलं की वेग कमी होतो, सोडलं की वाढतो. उजवीकडे जायचं असेल तर उजवा हात नाकावर आणि डावा हात डाव्या कडेवर, वरच्या एक-तृतीयांश भागात. कमरेची हाडं बोर्डाच्या मागच्या काठाला टेकलेली. नाक पाण्यात घुसून तुम्ही उलटे पडत असाल तर शरीर फार पुढे आहे. लाट खालून निसटून जात असेल तर फार मागे आहे, किंवा नाक जास्तच ओढलं जातंय. पहिले दहा-वीस प्रयत्न कमरेइतक्या पाण्यात, फुटून आलेल्या फेसावर, सरळ किनाऱ्याकडे करा. कोकण-गोव्यात हे पावसाळा सोडूनच. जूनपासूनची लाट आणि आत खेचणारा प्रवाह नवख्यासाठी नाही.

कूस. इथे खरं बॉडीबोर्डिंग सुरू होतं. वळण हाताने सुचवायचं, पण घ्यायचं कुशीने. लाटेच्या बाजूचं कोपर बोर्डावर टेकवा, त्याच बाजूच्या कमरेने कड पाण्यात दाबा आणि नजर पुढे, लाटेच्या उभ्या भिंतीवर ठेवा. पायांकडे पाहिलंत की कड सुटते आणि बोर्ड घसरत खाली जातो. हे पाहायचं असेल तर माइक स्टुअर्टचे हवाईतल्या ओआहू बेटावरच्या ‘पाइपलाइन’ या लाटेवरचे जुने व्हिडिओ काढा. नऊ जागतिक विजेतेपदं, पहिलं १९८३ मध्ये. त्याच्या उड्या पहिल्यांदा पाहू नका, कंबर पाहा. पोकळ लाटेच्या आत शिरताना ती बोर्डाला चिकटलेली असते आणि सगळी दिशा तिथूनच ठरते. आमच्या मते या खेळात अजूनही याहून चांगला धडा नाही. नंतर ब्राझीलच्या गिलेर्मे तामेगाला पाहा, सहा वेळचा विजेता. तीच कूस, पण जोर कितीतरी आक्रमक.

गुडघा. पहिला उपयोग लाटेखालून जाण्यासाठी. समोरची लाट दीड-दोन मीटरवर आली की दोन्ही कडा नाकाच्या फूटभर खाली धरा, नाक पाण्यात दाबा आणि एका गुडघ्याने बोर्डाचा मागचा भाग ढकला. घाई केली तर लाट पोहोचायच्या आत वर येता, उशीर केला तर ती बोर्ड हिसकावून घेते.

दुसरा उपयोग ड्रॉप-नीचा, म्हणजे एका गुडघ्यावर बसून लाट घेण्याचा. एक पाऊल पुढे, दुसरा गुडघा मागच्या काठाजवळ, त्या पायाची फिन बोर्डाबाहेर लोंबकळत. सत्तरच्या दशकात जॅक लिंडहोमने पाइपलाइनवर हा पवित्रा इतका रुजवला की त्याला ‘जॅक स्टान्स’ म्हणतात. पुढे पॉल रोचने त्यातून जलद, अंग झोकून घेतलेली वळणं काढली. पुढचं पाऊल साधारण ४५ अंशांत तिरकं ठेवा. गुडघा पुढे सरकला की नाक बुडतं. नव्वद टक्के वेळा चूक हीच असते.

कोपर. एल रोलो म्हणजे लाटेच्या ओठाबरोबर, म्हणजे पुढे कोसळणाऱ्या वरच्या कडेबरोबर, पूर्ण गिरकी. वेग घेऊन खालून वर या, ओठ पुढे झेपावत असतानाच त्याच्यावर आदळा आणि गिरकी त्यालाच देऊ द्या. स्वतः अंग फिरवायला गेलात की अर्ध्यात, पाठीवर पडता. फिरताना दोन्ही हात बोर्डाला घट्ट, डोकं गिरकीच्या दिशेला. उतरताना बोर्ड सपाट आणि भार कोपरांवर घ्या. छाती-पोटावर पडलात तर सगळा धक्का कमरेच्या मणक्यांना बसतो. उथळ पाण्यात, वाळूच्या पट्टीवर, हा प्रयत्न करूच नका.