‘रेन चेक’ ऐकून आभाळाकडं बघू नका

वाळूजच्या कंपनीत आलेल्या अमेरिकन साहेबाला तुम्ही हुरडा खायला बोलावलं आणि तो म्हणाला, ‘कॅन आय टेक अ रेन चेक?’ तर पावसाचा अंदाज सांगत बसू नका. (मराठवाड्यात पावसाचं नाव निघालं की मान वर जातेच म्हणा!) त्याचा अर्थ एवढाच: आज जमत नाही, पुन्हा कधीतरी येतो. हा चेक बँकेतलाही नाही. १८८०च्या दशकात अमेरिकेत पावसानं बेसबॉलचा सामना थांबला की पुढच्या सामन्याला चालणारी चिठ्ठी प्रेक्षकांना मिळायची, तीच रेन चेक. उत्तरात ‘शुअर, एनी टाइम’ पुरे. पण आपल्या ‘बघू की पुढं’सारखा तो गोड नकारही असतो. दुसऱ्यांदा ऐकलंत, तर फार आग्रह करू नका.