चॅपल हलवलं, पण खालची तुळई कुजलेली निघाली

लग्नसमारंभांसाठी म्हणून एक जुनं लाकडी चॅपल, म्हणजे छोटं चर्च, आम्ही नव्या जागी आणलं. सुटं न करता अख्खंच हलवलं, कारण छताचे जुने सांधे एकदा उघडले की पुन्हा तसे बसत नाहीत. खाली लोखंडी तुळया सरकवून हायड्रॉलिक जॅकने सगळीकडून सारखं, थोडंथोडं उचललं.

खरी अडचण नंतर दिसली. भिंती ज्या आडव्या तुळईवर उभ्या होत्या, तिच्या पावसाच्या बाजूला स्क्रू ड्रायव्हर लोण्यात शिरावा तसा आत गेला. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की कुजवणारी बुरशी धरू शकते. इथे जुन्या जोत्यावर कोणीतरी सिमेंटचा गिलावा करून ओल आत कोंडली होती. पूर्ण तुळई बदला, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. मला ते पटेना, उरलेलं लाकूड खणखणीत होतं. सुताराने कुजकं तेवढंच कापलं, त्याच जातीचं नीट वाळवलेलं लाकूड लांब तिरक्या सांध्याने जोडलं आणि लाकडी खुंट्या ठोकल्या. नव्या दगडी जोत्यात चुनाच वापरला, वर ओल रोखणारा थर दिला.

पाहुण्यांसाठी बाहेर पडायला दुसरं दार लागणारच होतं. ते बाजूच्या, पूर्वीच बुजवलेल्या खिडकीच्या जागी काढलं, त्यामुळे वेदीमागची भिंत अखंड राहिली.