नवीन डिस्क लावली आणि परमिशन डिनाइड येतंय? थांबा, ७७७ (सगळ्यांना सगळी परमिशन) मारू नका

रविवारी सकाळी पोहे-जलेबीची प्लेट हातात आली न आली तोच फोन. इथे इंदूरलाच ओळखीच्या एका काकांची प्रेस आहे, लिनक्स सर्वरला नवीन डिस्क लावली आणि कुणाचीच फाइल सेव होईना. तिथला पोरगा म्हणे दादा, काल रात्रीच फोल्डरला परमिशन दिली होती, सकाळी गायब. मी म्हटलं, डिस्क माउंट करायच्या, म्हणजे फोल्डरला जोडायच्या आधी दिली का नंतर? गप्पच झाला.

तर भिया, गोम इथेच असते. रिकाम्या फोल्डरला चोन-चमॉड केलं (chown ने मालक, chmod ने परमिशन बदलली) आणि मग त्यावर डिस्क माउंट केली की ते फोल्डर परमिशनसकट खाली झाकलं जातं, वर दिसते ती डिस्कच्या स्वतःच्या रूट, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरची परमिशन, आणि नवीन ईएक्सटी४ (लिनक्सची डिस्क फॉरमॅट) मध्ये ती साधारण रूट यूजरची, म्हणजे अॅडमिनची, ७५५ असते, म्हणजे बाकीच्यांनी नुसतं बघायचं, लिहायचं नाही. माउंट झाल्यावर परत द्या. आता ती डिस्कवरच लिहिली जाते, त्यामुळे रीबूटनंतरही टिकते.

पण सगळ्याच केसेस अशा नसतात, म्हणून आधी एरर नीट वाचा. "रीड-ओन्ली फाइल सिस्टिम" असेल तर चमॉड करत बसू नका, काही होणार नाही. फाइंडमाउंट (findmnt) कमांडमध्ये आरओ, म्हणजे रीड-ओन्ली दिसतं का बघा, डीमेसेज (dmesg), म्हणजे कर्नलचे, लिनक्सच्या गाभ्याचे मेसेज वाचा, कारण डिस्कमध्ये घोळ झाला की कर्नल स्वतःच रीड-ओन्ली करून टाकतं, अशा वेळी पहिले बॅकअप, बाकी सगळं मागून. "ऑपरेशन नॉट परमिटेड" आलं आणि तेही रूट असून, तर एलएसअॅटरने (lsattr) बघा, फाइल कुणालाच बदलू न देणारा आय फ्लॅग लागलेला असू शकतो.

साधं "परमिशन डिनाइड" असेल तर माझी आवडती कमांड नेमआय (namei), मायनस एल लावून पूर्ण पाथ द्यायचा. वरपासून खालपर्यंत प्रत्येक फोल्डरची परमिशन एकाखाली एक येते. शेवटची फाइल अगदी बरोबर असते हो, पण मधल्या एखाद्या फोल्डरला एक्स, म्हणजे आत शिरायची परमिशन, नसतो आणि माणूस तासभर फाइललाच शिव्या देतो! तिथेही ठीक असेल तर आयडी (id) चालवा, यूजर कुठल्या ग्रुपमध्ये आहे ते दिसतं. यूजरला ग्रुपमध्ये आत्ताच टाकलंय? मग लॉगआउट करून परत लॉगइन, जुन्या सेशनला नवा ग्रुप कळत नाही.

एलएसच्या (ls -l) ओळीत परमिशननंतर प्लस दिसला तर एसीएल, म्हणजे ठराविक यूजर-ग्रुपला दिलेली वेगळी परमिशन आहे, गेटएफएसीएलने (getfacl) बघा. टिंब दिसलं तर एसईलिनक्स, म्हणजे फाइलच्या लेबलवर चालणारा लिनक्सचा वेगळा पहारा, तिथे लेबल परत नीट करणाऱ्या रिस्टोरकॉनने (restorecon) बहुतेक वेळा काम होतं.

प्रेसमध्ये मी ग्रुप बनवला, फोल्डरला २७७५ दिलं. तो पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी, आत जी नवीन फाइल बनेल तिचा ग्रुप आपोआप तोच राहतो. सोबत यूमास्क (नवीन फाइलला आपोआप कुठली परमिशन मिळेल ते ठरवणारी सेटिंग) ००२ करा, नाहीतर डिझायनरने बनवलेली फाइल ऑपरेटरला उघडेल पण बदलता येणार नाही, आणि मग परत फोन.

आणि हो, पोरानं वैतागून स्वतःच्या होम फोल्डरवर पण रिकर्सिव, म्हणजे आतल्या सगळ्यासकट, ७७७ मारलं होतं. एसएसएच (दुरून लॉगइन करायची सोय) अशा सताड उघड्या फोल्डरातली की, म्हणजे लॉगइनची किल्ली, मानतच नाही, त्यामुळे बिचाऱ्याचं लॉगइनच बंद. होम ७५५, डॉट एसएसएच ७००, आतली ऑथराइज्ड कीज फाइल ६०० केली, तेव्हा कुठे आत गेला.