दहा मिनिटांत सिनेमा पारखायचा कसा

जानेवारीत छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, तेव्हा एकाच वेळेला वेगवेगळ्या पडद्यांवर सिनेमे चालू असतात. मग इथं बसावं की शेजारी जावं, हे दहा-बारा मिनिटांत ठरवावं लागतं. त्या वेळात बहुतेक जण गोष्ट शोधतात आणि तिथंच फसतात. दहा मिनिटांत गोष्ट कळत नाही. कारागिरी मात्र कळते.

ट्रेलरवर विसंबू नका. 130 मिनिटांच्या सिनेमातली ती अडीच मिनिटं, म्हणजे दोन टक्केही नाहीत, आणि तीही निवडून काढलेली. ट्रेलरचं संगीत तर पुष्कळदा सिनेमात नसतंच.

मागच्या रांगेत, वाटेच्या कडेची खुर्ची धरा. आधी जाहिराती बघा. त्याच अंधुक आणि घोगऱ्या असतील, तर दोष थिएटरचा आहे. प्रोजेक्टरचा दिवा जुना झालेला असतो, नाहीतर थ्रीडीची काच पुढे तशीच राहिलेली असते आणि निम्म्याहून जास्त उजेड ती खाते. संवाद पुटपुटल्यासारखे आणि संगीत मात्र दणदणीत, असं असेल तर पडद्यामागचा मधला स्पीकर कमजोर असू शकतो. हे आधी वजा केलं नाही, तर चांगल्या छायालेखकाच्या माथी उगाच खापर फुटतं. सेन्सॉरचं प्रमाणपत्र येईल तेव्हा त्यावरची लांबी मिनिटांत वाचून ठेवा, पुढं लागेल.

सिनेमा सुरू झाला की एक मिनिट डोळे मिटा. आवाज खोटा असेल तर लगेच उघडा पडतो. शेतात उभ्या माणसाचा आवाज बंद खोलीतल्यासारखा येतो, पाऊल मुरमावर पडतं आणि वाजतं फरशीवर. मग डोळे उघडून ओठ बघा. प, ब, भ, म म्हणताना ओठ मिटावेच लागतात. मिटत नसतील तर डबिंग ढिलं आहे. तेलुगूवरून हिंदीत आणलेल्या सिनेमाला मात्र ही कसोटी लावू नका, तिथं ओठ दुसऱ्याच भाषेचे असतात.

पुढचं मिनिट कट मोजायला, म्हणजे पडद्यावरचं चित्र झटक्यात किती वेळा बदलतं ते. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवा, अंगठा सोडून एका हातावर 12 पेरं भरतात. दोन माणसं नुसती बोलत बसलीत आणि मिनिटात दोनदा हात भरून पुढं गेला, म्हणजे 25-30 कट झाले, तर प्रसंग पुरेसा उभा राहिला नव्हता आणि तो कापून-जोडून चालवलाय असा संशय घ्या. मारामारीत किंवा गाण्यात हा आकडा निरर्थक आहे. आणि मिनिटभर एकही कट नसेल, तर घाईनं उठू नका. संथ सिनेमाला वीस मिनिटं द्या.

त्यानंतर नटांचे हात बघा. आमच्या मते सगळ्यात भरवशाची कसोटी हीच. बीडकडच्या ऊसतोड कामगारांचा सिनेमा असेल, तर कोयता कुठं पडतो ते पाहा. ऊस बुडाशी, जमिनीलगत तोडतात, मग वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा भाग, छाटतात आणि मोळी बांधतात. नट गुडघ्याच्या उंचीवर कोयता फिरवत असेल, तर त्याला फडात कुणी चार दिवस उभं केलेलं नाही. कोपीतली, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीतली, चूल पेटलेली आहे पण भिंतीला काजळी नाही, अंगातला शर्ट फाटका पण कॉलर कडक, हे त्याच जातीचं. मागची माणसंही बघा. बाजाराच्या प्रसंगात तोच माणूस तीच पिशवी घेऊन दोनदा गेला, तर दिग्दर्शकाचं लक्ष चौकटीच्या मध्यापुरतंच आहे.

बोली दोन वाक्यांत कळते. गाव हिंगोलीचं किंवा लातूरचं म्हणून सांगितलंय आणि 'काय करायलास', 'जायलोय' असं एकदाही कानावर येत नाही, नुसतं ठरावीक 'आरं' आणि 'न्हाय' चाललंय, तर ते गाव कुठलंच नाही. मराठवाडा त्यात नावापुरता आहे. आणि सख्खा भाऊ भावाला 'तुला माहीतच आहे, आपले वडील दहा वर्षांपूर्वी वारले' असं सांगू लागला, तर ते भावासाठी नाही, तुमच्यासाठी चाललंय. असं एक वाक्य माफ करा. तीन झाली तर उठा.

शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण वरचं शीत शिजलेलं आणि तळाचं करपलेलं असू शकतं. सुरुवातीच्या दहा मिनिटांवर सगळेच मेहनत घेतात. म्हणून जमलं तर दुसरं शीत मध्यंतरानंतर दहा मिनिटांनी काढा. त्यासाठीच लांबी वाचायची होती. 130 मिनिटांचा सिनेमा असेल तर मध्यंतर साधारण 65व्या मिनिटाच्या आसपास येतं. महोत्सवात मध्यंतर नसतं, तिथं घड्याळ बघून त्याच सुमाराला परत या. पहिल्यांदा जपलेला आवाज, हात, बोली तेव्हाही तशीच असेल, तर शेवटपर्यंत बसा. शेवट जमलाय की नाही, हे मात्र कुठल्याही झलकेवरून सांगता येत नाही. ते सांगायचं असेल तर पूर्ण सिनेमा बघावाच लागतो, आणि अर्धवट पाहिलेल्यावर चार लोकांत मत देऊ नका.

उठताना पडद्यावर दिवसाचा, उजेडाचा प्रसंग येऊ द्या. रात्रीच्या प्रसंगात दार उघडलं की बाहेरच्या दिव्याची पट्टी थेट पडद्यावर पडते. मोबाइलचा टॉर्च लावू नका, पायरीकडेच्या बारीक दिव्यांवर चाला आणि दार हातानं धरून मिटवा.