थंडीत खिडकीच्या काचेवर पाणी का साचते आणि त्यावर काय करावे

थंड देशात नव्याने राहायला गेलेल्या कुटुंबाला पहिल्याच हिवाळ्यात खिडकीच्या काचेवरून ओघळणारे पाणी दिसते आणि पाऊस फटीतून आत झिरपला असावा, असा समज होतो. वस्तुतः हे पाणी घरातल्या हवेतलेच असते. २० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, तर शून्य अंशाच्या हवेत ५ ग्रॅमही मावत नाही. त्यामुळे उबदार हवा काचेपाशी निवली की जास्तीचे बाष्प थेंबांच्या रूपाने तिच्यावर उतरते. हे ज्या तापमानाला घडू लागते, तो दवबिंदू. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी ६० टक्के बाष्प असेल, तर दवबिंदू १२ अंशांच्या आसपास येतो. बाहेर शून्य अंश असताना एकेरी काच आतून ५-६ अंशांपर्यंत उतरते, म्हणजे तिला घाम फुटणारच. साधी दुहेरी काच १२-१३ अंशांवर, अगदी काठावर राहते.

थेंब कोणत्या बाजूला आहेत, हे प्रथम बोट फिरवून पाहावे. ते दोन काचांच्या मध्ये असतील, तर कडेचे सील निकामी झालेले असते आणि काचांची जोडी बदलावी लागते. बाहेरून असतील तर चिंता नको. पावसाळ्यात मुंबईतल्या एसीच्या खोलीची काच बाहेरून धूसर होते, तीही याच नियमाने.

थेंब आतून असतील, तर बाष्प कमी करावे. कुकर शिट्ट्या देत असताना आणि अंघोळीनंतर एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून त्या खोलीचे दार लावावे. ओले कपडे रेडिएटरवर, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या उपकरणावर, वाळत घालू नयेत, कारण त्यांतले सगळे पाणी खोलीच्या हवेतच जाते. याशिवाय दिवसातून दोन-तीनदा समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडाव्यात. बाहेर पाऊस असतानाही हा उपाय लागू पडतो, हे अनेकांना पटत नाही. परंतु ५ अंशांची बाष्पाने पूर्ण भरलेली हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता जेमतेम ४० टक्के उरते.

जाड पडद्यामुळे खोलीची ऊब काचेपर्यंत पोहोचत नाही, म्हणून सकाळी तो लवकर सारावा आणि चौकटीच्या रबरावर काळी बुरशी धरण्यापूर्वी पाणी पुसून घ्यावे. पुसलेले फडके मात्र मोरीतच पिळावे. ते रेडिएटरवर टाकले, तर तेच पाणी रात्री पुन्हा काचेवर येते.